१९३२ आणि जागांचा हिशेब

मी रामटेकचा. पुणे कराराचा विषय निघाला की आमच्याकडील तरुण कार्यकर्ते दोन आकडे पुढे करतात. जातीय निवाड्यात अस्पृश्यांना प्रांतिक कायदेमंडळांत ७१ जागा होत्या, करारात १४८ झाल्या. मध्य प्रांतात १० च्या २० झाल्या. म्हणजे सौदा फायद्याचा! दुसरे तितक्याच ठामपणे म्हणतात, बाबासाहेबांनी माघार घेतली. हे दोन्ही हिशेब मला अपुरे वाटतात. निर्णय घेणारा मोकळा होता, हे दोघांनीही गृहीत धरले आहे.

वस्तुस्थिती काय होती? १९३२ च्या आरंभी नागपूरचे डॉ. मुंजे आणि एम. सी. राजा यांनी संयुक्त मतदारसंघाचा करार केला. त्याला उत्तर दिले ते रामटेकच्या वाटेवरल्या कामठीने. ७ मे १९३२ रोजी तेथे भरलेल्या अस्पृश्यांच्या अखिल भारतीय परिषदेने स्वतंत्र मतदारसंघाची मागणी उचलून धरली. ऑगस्टमधील निवाड्याने ती मान्य केली आणि सर्वसाधारण मतदारसंघातले दुसरे मतही दिले. २० सप्टेंबरला येरवड्यात गांधीजींचे उपोषण सुरू झाले. २४ ला करारावर सह्या झाल्या.

या चार दिवसांत गांधीजींचे काही बरेवाईट झाले असते, तर त्याची किंमत कोणी मोजली असती? गावकुसाबाहेरच्या वस्त्यांनी! त्यांचे पाणी, मजुरी, येण्याजाण्याची वाटसुद्धा गावाच्या मुठीत होती. वाटाघाटीच्या इतिहासात दोन पुढारी दिसतात. ओलीस धरलेली ही लाखो माणसे दिसत नाहीत. ती वगळून केलेली निर्णयाची चिकित्सा खोटी ठरते.

आकड्यांतून निसटणारी दुसरी गोष्ट म्हणजे निवडीचा अधिकार. वाढीव जागांनी दोन मतांची भरपाई होत नाही, असे बाबासाहेबांनी १९४५ साली स्वतःच मांडले. १९५४ साली शेजारच्या भंडाऱ्यात, राखीव जागेच्या पोटनिवडणुकीत, काँग्रेसच्या उमेदवाराकडून खुद्द त्यांचा पराभव झाला. जागा आपली होती, पण निवड कोणाची होती?

२००९ च्या निवडणुकीपासून रामटेक लोकसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. कामठी त्यातच येते. म्हणून आमच्यापुरता हा प्रश्न जुना झालेला नाही. १९३२ चा न्याय करताना विद्यार्थ्यांनी जागा जरूर मोजाव्यात. पण त्याआधी विचारावे, नकार देण्याची मुभा कोणाला होती, आणि नकाराची शिक्षा कोणाच्या दारात येणार होती?