नळी काढण्याआधी सिरिंज कशाला?

लघवीची नळी काढताना नर्स आधी रिकामी सिरिंज जोडते, हे तुम्ही पाहिलं असेल. त्यामागे १९३० च्या दशकातली गोष्ट आहे. तोवर मूत्राशयात ठेवलेली नळी निसटू नये म्हणून बाहेरून पट्टीने किंवा दोऱ्याने बांधत. अमेरिकेतल्या मिनेसोटाचे डॉ. फ्रेडरिक फोली यांनी नळीच्या टोकाजवळ रबरी फुगा बसवला. आत गेल्यावर तो पाण्याने फुगवायचा, की नळी जागची हलत नाही. पण हाच फुगा काढताना घात करू शकतो. सिरिंजने पाणी न काढता नळी ओढली, तर मूत्रमार्गाला इजा होऊन रक्त येतं. म्हणून घरी कुणी ओढाओढ करू नका. नळी निघाल्यावर सहा-आठ तासांत लघवी झाली नाही किंवा ओटीपोट ताठरलं, तर लगेच डॉक्टरांना गाठा.