जुन्या कोचाची चौकट

मुंबईत जुना सोफा विकत घ्यायचा, तो उघडायचा, नव्याने भरायचा आणि नफ्याने विकायचा, हा धंदा प्रामुख्याने दोन ठिकाणी वाढला. एक भेंडी बाजाराजवळचा मटन स्ट्रीट, म्हणजेच चोर बाजार. दुसरे जोगेश्वरी पश्चिमेचा ओशिवरा. दोन्हीकडच्या जाणत्या दुकानदाराचे लक्ष कापडावर नसते, आतल्या लाकडावर असते. या व्यापाराचा इतिहास त्यामुळे बराचसा लाकडाचा इतिहास आहे.

मराठी घरातली जुनी बैठक जमिनीलगतची: गादी, लोड, तक्के. तिला लागत ते उशीचे अभ्रे; सुताराचा तिच्याशी संबंध नव्हता. इंग्रजी राहणीबरोबर पाठीचे, हातांचे आसन आले आणि मराठीत ते ‘कोच’ म्हणून रुळले. ‘सोफा’ हा शब्द मुळात अरबी ‘सुफ्फा’पासूनचा, पण तोही युरोप फिरूनच इथे पोचला. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या फोर्टातील मेडोज स्ट्रीटवर शिसवी लाकडाचे दाट कोरीव फर्निचर तयार होत असे. १८७९ साली थिऑसॉफी पंथाचे प्रवर्तक मादाम ब्लाव्हॅट्स्की व कर्नल ऑल्कॉट यांच्यासोबत मुंबईत आलेले एडवर्ड विम्ब्रिज थिऑसॉफीतून बाहेर पडले आणि त्यांनी फर्निचरचा कारखाना काढला. गिऱ्हाईक होते म्हणूनच कारखाने निघत होते.

शिसवीच्या बरोबरीने सोफ्याच्या चौकटीला साग लागे, आणि उत्तम साग ब्रह्मदेशातून येई. त्यासाठी १८६३ मध्ये बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन स्थापन झाली. सागाच्या रॉयल्टीवरून मंडालेच्या दरबाराने १८८५ मध्ये या कंपनीला सुमारे २३ लाख रुपयांचा दंड केला. इंग्रजांनी ते निमित्त करून युद्ध पुकारले, राज्य घेतले आणि थिबा राजाला पदच्युत केले. पुढे त्याला रत्नागिरीत नजरकैदेत ठेवले. १९१६ मध्ये तो तिथेच वारला. मुंबईच्या दिवाणखान्यात त्या काळी आलेल्या सागामागे एका राज्याचा असा अंत आहे, आणि तो विसरला जाऊ नये.

१९३७ साली भारतीय वास्तुविशारदांच्या संस्थेने मुंबईच्या टाउन हॉलमध्ये ‘आयडियल होम’ प्रदर्शन भरवले. तोवर मरीन ड्राइव्हवर आर्ट डेको इमारती उठत होत्या, आणि कोरीव नक्षीच्या जागी गोल हातांचे, साध्या रेषांचे सोफे नव्या फ्लॅटमध्ये शिरले. आवड बदलली की जुने सामान बाहेर पडते. घर रिकामे झाले तरी पडते. मायदेशी परतणारे इंग्रज, मोठी घरे आवरणारी पारशी कुटुंबे, परदेशी गेलेल्या गोवेकरांचे वाडे अशा वाटांनी हा माल लिलावात आणि तिथून चोर बाजारात येत राहिला. या बाजाराचे मूळ नाव गलबल्यामुळे ‘शोर बाजार’ होते, असे सांगतात. शुक्रवारी इथली पक्की दुकाने बंद असतात आणि रस्त्यावर जुन्या वस्तूंचा जुम्मा बाजार मांडला जातो.

माल घेताना पारखी माणूस आधी सोफ्याचा पुढचा एक पाय उचलतो. तो वीतभर उठेपर्यंत दुसराही पाय सुटला, तर चौकट घट्ट. सुटला नाही, तर सांधे ढिले. मग सोफा उलटा करतात. खालचे बारदान फाडले की तागाचे पट्टे, त्यांवर शिवलेल्या तारेच्या स्प्रिंगा आणि काथ्याचा थर दिसतो. बैठकीतील या स्प्रिंगचे पेटंट व्हिएन्नात १८२२ साली गेओर्ग युनिगल याने घेतले होते. कारागीर एकेक खिळा उपटतो, ढिला सांधा सोडवून जुना सरस खरवडतो आणि कुसू पुन्हा बसवतो. नवे पट्टे ताणून ठोकतो. प्रत्येक स्प्रिंग सुतळीने आडवी, उभी आणि तिरकी बांधतो, म्हणजे दाबल्यावर ती एका अंगाला कलत नाही. वर काथ्या, कापूस, शेवटी कापड किंवा रेक्झिन. उघड्या लाकडावर स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडा लाखेचे हात कापसाच्या बोळ्याने चढवतात, आणि एक हात वाळल्याशिवाय दुसरा देत नाहीत. नफा इथेच पिकतो: लाकूड जुन्या भावाचे, मजुरी आजची, किंमत नव्या सोफ्याची.

फोमने ही रीत मोडली. १९२९ मध्ये डनलॉपने रबराचा फोम काढला, १९३७ मध्ये जर्मनीत ओटो बायर यांनी पॉलियुरेथेन शोधले. मराठी घरात तर फोमच्या गादीचे नावच ‘डनलॉप’ पडले. फोम आला तसे स्प्रिंगा बांधणारे हात कमी झाले. प्लायवूडच्या आणि हलक्या लाकडाच्या स्टेपल मारलेल्या चौकटी आल्या, तेव्हा दुरुस्तीला आधारच उरला नाही. अशा सोफ्याला नवे कापड चढवता येते, पण सांधा पुन्हा बसत नाही. हे नुकसान खरे आहे.

उलट शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंना १९७२ च्या पुरावस्तू कायद्याचे संरक्षण मिळाले आणि त्या परदेशी पाठवण्यास खाजगी व्यापाऱ्यांना बंदी झाली. जुना, अस्सल माल त्यामुळे देशातच फिरतो. चित्रपटांच्या सेटसाठीही तो भाड्याने जातो.

ओशिवऱ्यात जुन्याबरोबर नवे, जुन्यासारखे बनवलेले फर्निचरही विकले जाते. मार्च २०२३ मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी २०२५ मध्ये या बाजाराला मोठी आग लागली. वाळलेले लाकूड, पॉलिशचे स्पिरिट आणि फोम यांचा साठा दाटीवाटीच्या गाळ्यांत एकत्र असेल, तर ठिणगीला वेळ लागत नाही. कारागिरांना पॉलिशसाठी वेगळी, मोकळी जागा आणि बाजाराला अग्निशमनाची पुरेशी सोय मिळाली पाहिजे.