उत्स्फूर्त टाळ्यांची तालीम

गेल्या सप्टेंबरात आमच्या मंडळाच्या गणपतीत मी कॅमेरा घेऊन फिरत होते. पॉडकास्टसाठी मुलाखती हव्या होत्या. तयारी चोख होती. सात प्रश्न छापून नेले होते, जागा ठरवली होती, मागे मखर नीट दिसेल हेही पाहिलं होतं. अकरा जण बोलले आणि अकराही जणांनी सांगितलं, "खूप छान वाटतंय, अगदी घरी आल्यासारखं." मागे ढोल. घरी येऊन फुटेज पाहिलं तेव्हा लक्षात आलं की एकाच माणसाची मुलाखत मी अकरा वेळा घेतली होती.

माझा अभ्यासाचा विषय सत्तरच्या दशकातला अमेरिकन व्हिडिओ. म्हणजे ही चूक निदान माझ्या हातून तरी व्हायला नको होती.

कारण 1972 च्या उन्हाळ्यात मायामी बीचवर काही तरुण मंडळी नेमक्या याच अडचणीशी झगडत होती. त्या वर्षी डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन, दोन्ही पक्षांची अधिवेशनं तिथे एकाच सभागृहात भरली. पहिलं जुलैत, दुसरं ऑगस्टमध्ये. मोठ्या वाहिन्या जडजड कॅमेरे आणि उंच काचेच्या केबिनी घेऊन आल्या होत्या. ही मंडळी आली सोनीचा पोर्टापॅक घेऊन. हातात कॅमेरा, खांद्याला लटकवलेला टेप रेकॉर्डर, अर्धा इंच रुंदीची टेप, चित्र कृष्णधवल. गटाचं नाव टॉप व्हॅल्यू टेलिव्हिजन, थोडक्यात टीव्हीटीव्ही. मायकल शॅमबर्ग, मेगन विल्यम्स, ॲलन रकर, स्किप ब्लमबर्ग, नॅन्सी केन अशी बरीच जणं. पैसे केबल कंपन्यांकडून जमवलेले.

या यंत्राचा मुलाखतीवर काय परिणाम झाला, ते बघण्यासारखं आहे. 16 मिलिमीटर फिल्मचं चारशे फुटांचं रीळ साधारण अकरा मिनिटांत संपतं, आणि ते धुऊन येईपर्यंत आत काय आहे ते कळत नाही. साहजिकच वार्ताहर कामाचं तेवढंच विचारतो. पोर्टापॅकची टेप अर्धा तास चाले, पुसून पुन्हा वापरता येई, आणि जागेवरच मागे नेऊन बघता येई. समोरचा माणूस ठरलेलं वाक्य बोलून गप्प झाला तरी कॅमेरा चालूच ठेवणं परवडायचं. आणि त्या गप्प होण्यानंतरच तर माणूस बोलायला लागतो.

पण खरी गंमत त्यांच्या नियोजनात आहे. रिपब्लिकन अधिवेशनात निक्सन यांनाच पुन्हा उमेदवारी मिळणार, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. व्यासपीठावर घडण्यासारखं काही उरलेलंच नव्हतं. कार्यक्रमाची मिनिटामिनिटाची संहिताच लिहिलेली होती, आणि ती चुकून बीबीसीच्या हाती लागली. कोण कधी थांबणार, 'उत्स्फूर्त' जल्लोष कधी होणार, सगळं त्यात होतं. अशा ठिकाणी व्यासपीठाकडे कॅमेरा लावून काय मिळणार? टीव्हीटीव्हीने माणसं वाटून घेतली. कुणी निक्सनसमर्थक तरुणांबरोबर, कुणी युद्धाविरुद्ध मोर्चा घेऊन आलेल्या व्हिएतनामच्या माजी सैनिकांबरोबर, कुणी पार्ट्यांमध्ये, आणि कुणी थेट वार्ताहरांच्या मागे. वॉल्टर क्रॉंकाइटसारख्या माणसालाही त्यांनी कॅमेऱ्यासमोर बोलतं केलं. काय विचारायचं यापेक्षा कुठे आणि कधी उभं राहायचं, हे त्यांनी आधी ठरवलं होतं.

म्हणूनच 'फोर मोअर इयर्स' या त्यांच्या तासाभराच्या कार्यक्रमात त्या जल्लोषाची पूर्वतयारी दिसते. तरुणांना कसं आणि कुठे ओरडायचं ते समजावून सांगितलं जातंय, आणि तीच मुलं नंतर सभागृहात आपणहून पेटल्यासारखी ओरडताहेत. निवेदक नाही, वरून समजावणारा आवाज नाही. (आपल्याकडच्या निवडणूक सभा आठवल्या ना? मलाही.)

इथवर मी या मंडळींची चाहती आहे. पुढचं जरा अडखळत लिहिते.

त्या काळात टीव्ही म्हणजे वाहिन्या. दाढीवाली पोरं आणि खेळण्यासारखा कॅमेरा, हे काही लोकांना टीव्ही वाटत नसणार. मला वाटतं, म्हणूनच लोक त्यांच्याशी इतकं मोकळं बोलले. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर 1973 मध्ये, ही मंडळी ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोममध्ये पोचली. तिथे गुरु महाराजजी या पंधरा वर्षांच्या भारतीय गुरूचा तीन दिवसांचा महोत्सव होता. आयोजकांत होते रेनी डेव्हिस, कालपरवापर्यंत युद्धविरोधी चळवळीचे पुढारी. अपेक्षेइतकी गर्दी जमली नाही, पण आलेले भक्त भरभरून बोलले. एव्हाना टाइम बेस करेक्टर नावाचं यंत्र आलं होतं आणि अर्ध्या इंचाच्या टेपचं थरथरतं चित्र स्थिर करून प्रक्षेपित करता येत होतं. 'लॉर्ड ऑफ द युनिव्हर्स' 1974 मध्ये पीबीएसवर देशभर दिसला, त्याला ड्युपाँट-कोलंबिया पुरस्कारही मिळाला.

कार्यक्रम धारदार आहे, हसूही येतं. पण दुसऱ्यांदा बघताना मी भक्तांचे चेहरे बघत होते. त्यांनी कॅमेऱ्यामागच्या समवयस्क, हसऱ्या माणसाला आपली श्रद्धा समजावून सांगितली होती. हसणार होता तो देश, आणि तो त्यांना समोर दिसत नव्हता. वाहिनीच्या वार्ताहराशी बोलताना माणूस निदान सावध तरी असतो.

तर यंदाच्या गणपतीत मी मखर सोडलं आणि आदल्या रात्री स्वयंपाकघरात जाऊन बसले. प्रश्न एकच, "पहिल्या वर्षी इथे कोण कोण होतं?" उकडीचे मोदक वळता वळता एक काकू चाळीस मिनिटं बोलल्या. नवऱ्याची गेलेली नोकरी, व्हिसाची भीती, आणि त्या वर्षी मंडळात त्यांच्याशी कोण बोलायचं थांबलं, नावानिशी सगळं. इतकं चांगलं रेकॉर्डिंग माझ्याकडे दुसरं नाही.

दुसऱ्या दिवशी आरतीनंतर मी त्यांना बाजूला घेऊन हेडफोन दिले आणि सगळं ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून पूर्ण ऐकलं. मग म्हणाल्या, "छान आलंय गं. पण हे तू माझ्याशी बोलत होतीस ना?"

पुढच्या भागात काकूंची मोदकांची कृती आहे, सहा मिनिटांची.