मुखाचा कर्करोग आणि दंतवैद्याची नजर

श्रोतेहो, आपल्या मराठवाड्यात पाहुणा आला की पाण्याच्या तांब्यामागोमाग चंची पुढे होते. पारावर चार माणसे बसली की एकाने तंबाखू मळायची, चुना लावायचा आणि सर्वांनी चिमूट चिमूट घ्यायची, ही जुनी रीत. घरात बायाबापड्या मशेरी लावतात. त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही. पण हा बार गालाच्या ज्या कोपऱ्यात रोज बसतो, तिथेच पुढे कर्करोग मूळ धरू शकतो.

पूर्वी नांदेड-लातूरकडच्या माणसाने यावर उपचारासाठी जायचे तरी कुठे? मुंबईत परळला टाटा स्मारक रुग्णालय उघडले ते १९४१ च्या फेब्रुवारीत. आपण त्या वेळी निजामाच्या राज्यात. पुढे १९५५ साली मेहदी नवाज जंग यांच्या पुढाकाराने हैदराबादेत कर्करोग रुग्णालय निघाले आणि वर्षभरातच, १९५६ च्या नोव्हेंबरात, मराठवाडा हैदराबाद राज्यातून वेगळा झाला. राज्य बदलले, तरी नांदेडहून हैदराबादेची गाडी चालूच राहिली. मात्र गाडीत बसणारा रोगी बहुधा गाठ गळ्यापर्यंत पोचल्यावरच बसे. इतके दिवस काय केलेस, असे विचारले तर म्हणे, "दुखत नव्हतं ना, डॉक्टर!" आणि ते खरेच असे. हा रोग सुरुवातीला दुखत नाही, हीच त्याची लबाडी.

शिवाय तोंडात डोकावणार कोण? दात ठणकला तर आठवडी बाजारातला दात उपटणारा गाठायचा. दंतवैद्यांची रीतसर नोंदणी करणारा कायदा आला तोच मुळी १९४८ साली.

पुढच्या काळात मात्र दंतवैद्यच खेड्यांत उतरले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. फली मेहता आणि डेन्मार्कचे डॉ. पिंडबोर्ग यांनी सहकाऱ्यांसह पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांच्या तोंडांची तपासणी केली. तिचा वृत्तांत १९७२ साली प्रसिद्ध झाला. कर्करोग होण्याआधीच तोंडात पांढरे चट्टे दिसतात किंवा गाल आतून कडक होऊ लागतो. अशा पूर्वखुणा टिपायला भारी यंत्र लागत नाही. लागतो तो उजेड आणि सरावलेली नजर.

ही नजर जीव वाचवते का, याचेही उत्तर मिळाले आहे. केरळात तिरुवनंतपुरमजवळ १९९६ पासून शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेवकांनी लोकांची तोंडे पाहिली. २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तंबाखू वा दारूचे व्यसन असलेल्यांत मुखकर्करोगाचे मृत्यू सुमारे ३४ टक्क्यांनी कमी झाले होते. आपल्या शेजारी बार्शीचा अनुभवही बोलका आहे. तिथे १९८७ साली ग्रामीण कर्करोग-नोंदणी सुरू झाली. कार्यकर्ते गावोगाव जाऊन लक्षणे समजावीत. त्याचा परिणाम असा, की गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकर दवाखान्यात येऊ लागल्या.

आज नांदेडला आणि लातूरलाही दंतमहाविद्यालये आहेत. अंतर पुष्कळ तुटले. उशीर मात्र अजून तुटलेला नाही. एखाद्याचा दात हलतो, तो उपटला जातो, रोगी घरी जातो आणि जखम काही भरत नाही. दात हलत होता तो हिरडीतल्या गाठीमुळे, हे महिन्या-दोन महिन्यांनी कळते. म्हणून दातासाठी आलेल्या माणसाचा गाल आतून, जिभेच्या कडा, जिभेखालची जागा आणि ओठामागची खाच दंतवैद्याने पाहिलीच पाहिजे. याला दोन-तीन मिनिटे पुरतात. संशय आला तर लहानसा तुकडा काढून तपासायला पाठवावा.

आणि श्रोतेहो, आपणही एवढे करा. दोन आठवड्यांत न भरणारे तोंडातले व्रण, पांढरा किंवा लाल चट्टा, उभी तीन बोटे जात नाहीत इतके आखडलेले तोंड, यांपैकी काही दिसले तर दुखण्याची वाट पाहू नका. तंबाखू, सुपारी, गुटखा सोडा. सुटत नसेल तर तेही डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा, लाजू नका. आणि दात दाखवायला गेलात, की म्हणा, "डॉक्टर, आता सगळं तोंडच एकदा नीट बघा."