स्थलांतरित खेळाडूचा इतिहास : कॅनडाचा फुटबॉलपटू इयान ह्यूम याची परदेशातील कारकीर्द (२०००-२०१९)

प्रस्तावना :

क्रीडेचा इतिहास लिहिताना आपल्याकडे प्रामुख्याने विजेते, विक्रम आणि राष्ट्रीय अस्मिता या तीन गोष्टींचा विचार होतो. जगज्जेते संघ व त्यांचे नायक यांच्याविषयी विपुल लेखन उपलब्ध आहे. परंतु व्यावसायिक खेळ हा एक श्रमव्यवहारही आहे. करार, वेतन, स्थलांतर, दुखापत आणि निवृत्ती हे त्याचे अविभाज्य घटक होत. या दृष्टीने पाहिल्यास सर्वोच्च शिखरावर न पोहोचलेल्या, पण दोन दशके सातत्याने खेळत राहिलेल्या खेळाडूची कारकीर्द इतिहासाच्या अभ्यासकाला अधिक उपयुक्त ठरते. कॅनडाचा आघाडीचा खेळाडू इयान ह्यूम हे असे एक उदाहरण आहे. इंग्लंडमधील औद्योगिक शहरांपासून कोची, कोलकाता आणि पुण्यापर्यंत झालेला त्याचा प्रवास प्रस्तुत लेखात अभ्यासला आहे.

उद्दिष्टे :

१) कॅनडातील फुटबॉलपटूंना परदेशी का जावे लागले, याची ऐतिहासिक कारणे पाहणे.
२) ह्यूमच्या कारकिर्दीतील प्रमुख टप्प्यांचा आढावा घेणे.
३) व्यावसायिक खेळाडूचे शरीर, करार आणि स्मृती यांच्या परस्परसंबंधांचे विवेचन करणे.

अभ्यासपद्धती :

प्रस्तुत लेखासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित स्वरूपातील माहितीचा आधार घेतला आहे.

कॅनडातील फुटबॉलची पार्श्वभूमी :

कॅनडाचा पुरुष संघ १९८६ साली मेक्सिकोतील विश्वचषक स्पर्धेस प्रथमच पात्र ठरला. तेथे तीन सामने हरून व एकही गोल न करता तो परतला. त्यानंतर पुन्हा विश्वचषक खेळण्यासाठी या देशाला २०२२ पर्यंत, म्हणजे ३६ वर्षे वाट पाहावी लागली. या दीर्घ कालखंडामागे संघटनात्मक कारणे होती. १९८७ मध्ये सुरू झालेली कॅनेडियन सॉकर लीग १९९२ मध्ये बंद पडली. त्यानंतर देशव्यापी स्वरूपाची उच्चस्तरीय व्यावसायिक लीग २०१९ मध्ये कॅनेडियन प्रीमियर लीगच्या रूपाने उभी राहिली. दरम्यान टोरंटो (२००७), व्हँकुव्हर (२०११) आणि माँट्रियल (२०१२) येथील संघांना अमेरिकेच्या मेजर लीग सॉकरमध्ये स्थान मिळाले. याचा अर्थ असा की, १९९० च्या दशकात वाढलेल्या गुणवान कॅनेडियन मुलाला फुटबॉल हा व्यवसाय करावयाचा असेल, तर त्याच्यापुढे देश सोडणे हाच प्रमुख मार्ग होता. पॉल पेस्किसोलिडो व कार्लो कोराझिन यांनी इंग्लंडमध्ये, तर टोमाझ राझिन्स्की याने बेल्जियम व इंग्लंडमध्ये आपली कारकीर्द घडविली. ह्यूम याच परंपरेतील होय.

इंग्लंडमधील पर्व :

ह्यूमचा जन्म ३० ऑक्टोबर १९८३ रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरा येथे झाला. त्याचे बालपण मात्र कॅनडातील ओंटारिओ प्रांतातील ब्रॅम्प्टन या शहरात गेले. बर्कनहेड येथील ट्रॅनमेर रोव्हर्स या क्लबकडून एप्रिल २००० मध्ये, वयाच्या अवघ्या १६ व्या वर्षी त्याने पहिला व्यावसायिक सामना खेळला. २००३ मध्ये संयुक्त अरब अमिरातीत झालेल्या जागतिक युवा स्पर्धेत कॅनडाने उपांत्यपूर्व फेरी गाठली, त्या संघात तो होता. २००४ मध्ये ट्रॅनमेरने एफ. ए. चषकाच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत मजल मारली. या कामगिरीनंतर २००५ मध्ये लेस्टर सिटीने त्याला करारबद्ध केले.

२००८ मध्ये लेस्टर सिटी क्लबची त्याच्या इतिहासात प्रथमच तिसऱ्या श्रेणीत घसरण झाली. त्याच उन्हाळ्यात ह्यूम सुमारे १२ लाख पौंडांच्या मोबदल्यात बार्न्सली या दुसऱ्या श्रेणीतील क्लबकडे गेला. येथे एक बाब लक्षात घेण्याजोगी आहे. क्लबची श्रेणी बदलली की खेळाडूचे बाजारमूल्य, शहर आणि कुटुंबाचे वास्तव्य या तिन्ही गोष्टी बदलतात. त्यावर खेळाडूचे नियंत्रण अल्प असते.

८ नोव्हेंबर २००८ :

या दिवशी बार्न्सलीच्या ओकवेल मैदानावर शेफिल्ड युनायटेडविरुद्धचा सामना झाला. प्रतिस्पर्धी कर्णधार ख्रिस मॉर्गन याच्या कोपराचा आघात ह्यूमच्या डोक्यावर झाला. त्याची कवटी भंगली, अंतर्गत रक्तस्राव झाला आणि त्याच्यावर तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली. तेव्हा तो २५ वर्षांचा होता. मैदानावर पंचांनी या कृतीसाठी पिवळे कार्ड दाखविले होते. पंचांनी घटना पाहून निर्णय दिला असल्याने फुटबॉल असोसिएशनने पुढील शिस्तभंगाची कारवाई केली नाही.

एखाद्या कारखान्यात कामगाराला अशी इजा झाली असती, तर यंत्राची सुरक्षितता, मालकाची जबाबदारी आणि नुकसानभरपाई हे प्रश्न प्रथम उपस्थित झाले असते. मैदानावर मात्र प्रथम प्रश्न विचारला गेला तो कार्डाच्या रंगाचा. खेळाचे नियम आणि समाजाचे नियम यांतील हे अंतर क्रीडा-इतिहासकाराने नोंदविणे आवश्यक आहे. खेळाडूच्या शरीरावर क्लबची गुंतवणूक असते, पण त्या शरीराची जोखीम अखेरीस खेळाडूच्याच वाट्याला येते.

त्या हंगामाचा उर्वरित काळ ह्यूमला मैदानाबाहेर काढावा लागला. २००९-१० च्या हंगामात तो परतला. त्यानंतर प्रेस्टन नॉर्थ एंड हा त्याचा क्लब झाला. तेथून डॉनकॅस्टर रोव्हर्स आणि फ्लीटवुड टाउन या क्लबांना तो उसनवारीच्या तत्त्वावर देण्यात आला. 'उसनवारी' हा शब्द वस्तूंप्रमाणे माणसांसाठीही वापरला जातो, यातच या व्यवसायाचे स्वरूप स्पष्ट होते.

राष्ट्रीय संघातील स्थान :

ह्यूमने कॅनडाकडून ४३ आंतरराष्ट्रीय सामने खेळून ६ गोल केले. आकडे मोठे नाहीत. परंतु त्यांतील दोन गोल कॅनडाच्या फुटबॉल इतिहासाच्या दृष्टीने बोलके आहेत. जून २००७ मध्ये शिकागो येथे गोल्ड कप स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात अमेरिकेविरुद्ध ०-२ अशा पिछाडीनंतर त्याने गोल केला. शेवटच्या क्षणी कॅनडाचा बरोबरीचा गोल ऑफसाइड ठरवून नाकारण्यात आला व सामना १-२ असा गमवावा लागला. दुसरा प्रसंग १६ ऑक्टोबर २०१२ चा. होंडुरासमधील सान पेद्रो सुला येथे कॅनडाचा ८-१ असा पराभव झाला आणि २०१४ च्या विश्वचषकाची संधी हुकली. त्या दारुण पराभवातील कॅनडाचा एकमेव गोल ह्यूमचा होता. ज्या संघाच्या नशिबी यशापेक्षा अपयश अधिक आले, त्या पिढीचा तो प्रतिनिधी ठरतो.

भारतातील पर्व :

२०१४ मध्ये भारतात इंडियन सुपर लीग सुरू झाली. पहिल्या तीन वर्षांत ८ संघ व साधारणतः ऑक्टोबर ते डिसेंबर असा अल्प हंगाम, असे तिचे स्वरूप होते. मैदानावर एका संघाचे ६ परदेशी खेळाडू उतरविण्याची मुभा होती. युरोपातील नामवंत, पण निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेल्या खेळाडूंवर प्रसिद्धीचा झोत होता. ह्यूम त्या नामवंतांपैकी नव्हता. परदेशी खेळाडूंच्या निवड प्रक्रियेतून तो केरला ब्लास्टर्सकडे आला आणि पहिल्याच हंगामात ५ गोल करून स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा किताब त्याने मिळविला. २० डिसेंबर २०१४ रोजी नवी मुंबईतील डी. वाय. पाटील स्टेडियमवर झालेल्या अंतिम सामन्यात मात्र अ‍ॅटलेटिको द कोलकाताने दुसऱ्या सत्राच्या भरपाई वेळेतील (इंज्युरी टाइम) एकमेव गोलाने बाजी मारली.

केरळच्या प्रेक्षकांनी त्याला 'ह्यूमेट्टन' असे संबोधले. मलयाळम भाषेत 'एट्टन' म्हणजे थोरला भाऊ. कराराने आलेल्या परक्या माणसाला नात्याचा शब्द बहाल करणे, ही घटना समाजशास्त्रीयदृष्ट्या महत्त्वाची आहे. बाजारपेठेने निर्माण केलेल्या संघाला प्रेक्षकांनी घराचे रूप दिले.

पुढील दोन हंगाम तो कोलकात्याकडून खेळला. २०१५ मध्ये त्याने ११ आणि २०१६ मध्ये ७ गोल केले. डिसेंबर २०१६ च्या उपांत्य फेरीत मुंबई सिटीविरुद्ध पहिल्या लढतीत कोलकात्याने ३-२ असा विजय मिळविला, त्यात २ गोल ह्यूमचे होते. परतीची लढत गोलशून्य राहिल्याने मुंबईचे आव्हान संपुष्टात आले. १८ डिसेंबर रोजी कोची येथील अंतिम सामन्यात समोर केरला ब्लास्टर्स हाच संघ होता. १-१ अशा बरोबरीनंतर पेनल्टींमध्ये ह्यूमची किक अडविली गेली, तरी कोलकाता ४-३ असा विजेता ठरला. भारतातील हंगाम तीन महिन्यांचा असल्याने उरलेल्या काळासाठी काम शोधावे लागे. २०१७ च्या प्रारंभी तो स्पेनमधील एक्स्ट्रेमादुरा क्लबकडून खेळला, ही बाब येथे नमूद करणे उचित ठरेल.

२०१७-१८ मध्ये तो केरळला परतला. जानेवारी २०१८ मध्ये दिल्ली डायनामोजविरुद्ध त्याने ३ गोल केले. पुढच्याच महिन्यात पुण्यातील बालेवाडी येथे एफसी पुणे सिटीविरुद्ध खेळताना त्याच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली व हंगाम संपला. तोपर्यंत लीगमध्ये त्याचे २८ गोल झाले होते. त्या वेळी तो विक्रम होता. आश्चर्याची बाब अशी की, ज्या पुण्यात तो जायबंदी झाला, त्याच पुण्याच्या क्लबने २०१८-१९ साठी त्याला करारबद्ध केले. त्या हंगामात पुण्याच्या प्रशिक्षकपदी आलेले फिल ब्राउन हे पूर्वी प्रेस्टन येथेही त्याचे प्रशिक्षक होते. व्यावसायिक फुटबॉलचे जग विस्तीर्ण असले, तरी त्यातील ओळखींचे जाळे किती आटोपशीर असते, हे यावरून दिसते. त्याच काळात गोव्याच्या फेरान कोरोमिनास याने गोलांचा विक्रम मागे टाकला. २०१९ मध्ये आर्थिक अडचणींमुळे एफसी पुणे सिटी हा क्लबच बंद झाला आणि लीगमधील त्याची जागा हैदराबादच्या नव्या क्लबने घेतली.

निष्कर्ष :

१) ह्यूमचे स्थलांतर केवळ वैयक्तिक महत्त्वाकांक्षेतून घडले नाही, मायदेशी व्यावसायिक संरचना नसणे हे त्याचे प्रमुख कारण होते.
२) खेळाडूचे शरीर हेच त्याचे भांडवल असते. कवटीवरील शस्त्रक्रियेनंतर सुमारे १० वर्षे त्याने खेळ चालू ठेवला. यास जिद्द म्हणता येईल. तथापि उपजीविकेचे दुसरे साधन सहज उपलब्ध नसणे हाही या व्यवसायाचा भाग आहे, हे विसरता येत नाही.
३) अल्पकालीन करारांच्या व्यवस्थेतही खेळाडू व प्रेक्षक यांच्यात चिरस्थायी भावबंध निर्माण होऊ शकतो.
४) क्लब अल्पायुषी ठरले की, त्यांचा इतिहासही धोक्यात येतो. पुण्यात पुणे एफसी, भारत एफसी आणि एफसी पुणे सिटी हे तिन्ही व्यावसायिक क्लब एका दशकाच्या आसपास आले आणि गेले.

समारोप :

कॅनडाने २०२२ मध्ये विश्वचषक खेळला आणि २०२६ च्या स्पर्धेच्या सहयजमानपदाचा मान मिळविला. जोनाथन डेव्हिडसारखा कॅनेडियन आघाडीपटू २०२० मध्ये फ्रान्समधील लिल क्लबकडे गेला, तेव्हा परिस्थिती पालटली होती. मात्र ही पायवाट आधीच्या पिढीने तुडविलेली होती. ह्यूमची नोंद बर्कनहेडला आहे, बार्न्सलीला आहे, कोचीला तर लोकांच्या ओठांवर आहे. बालेवाडीला ती कोठे राहणार, हा प्रश्न आपल्यापुढे आहे. बंद पडलेल्या क्लबांचे सामनापत्रक, छायाचित्रे आणि प्रेक्षकांच्या आठवणी संकलित करण्याचे काम महाविद्यालयांच्या इतिहास व शारीरिक शिक्षण विभागांनी एकत्रितपणे हाती घेतल्यास प्रादेशिक क्रीडा-इतिहासाचे एक दुर्लक्षित दालन खुले होईल. साक्षीदार हयात आहेत, तोपर्यंतच हे काम शक्य आहे.