रिकिबीची लेक

मामांच्या जुन्या, उघड्या स्पोर्ट्स गाडीतून पहिल्यांदा तंजावूरहून तिरुवारूरला गेलो, तेव्हा जेमतेम ५५ किलोमीटरांत माझ्या पोटऱ्या भरून आल्या. आसन जवळजवळ जमिनीला टेकलेलं, पाय पुढे लांब पसरलेले, आणि समोरची पत्र्याची भिंत चवड्यांपासून चांगली वीतभर दूर. मामांना रेटायला पेडलं होती. ब्रेक लागला की त्यांचं अंग जागच्या जागी राही. मी मात्र पुढे घसरत असे, आणि टेकायला काही मिळेना म्हणून पाय नुसते चाचपडत राहत. वळणावरही तेच.

परतल्यावर मामांनी आसारींना बोलावलं. सुताराला इथं आसारी म्हणतात, आमच्या मराठी घरातही. त्यांनी मला गाडीत बसवून पाय सैल सोडायला सांगितले. मग खाली वाकून टाच आणि पत्रा यांच्यामधलं अंतर बोटं आडवी लावून मोजलं. टेप खिशातच होती. "कीळ एट्टु विरल, मेल रेंडु," ते म्हणाले. खाली आठ बोटं, वर दोन. फणसाच्या लाकडाची उतरती पाचर करायची ठरली. तंजावूरच्या वीणेलाही हेच लाकूड लागतं.

'विरल' या शब्दानं मी थबकलो. तंजावूरच्या मोठ्या देवळाच्या भिंतींवर हाच शब्द हजार वर्षं कोरलेला आहे. राजराज चोळानं १०१० साली हे देऊळ पुरं केलं आणि तिथल्या धातूच्या मूर्तींची यादी दगडात उतरवून घेतली. मूर्ती पायांपासून केसांपर्यंत किती मुळम (हात) आणि किती विरल, तिच्या पायाखालचं कमळ किती उंच, त्याखालचं पीठ किती लांब-रुंद, सगळं मोजून लिहिलेलं. पायाखाली जे आहे त्याची देवाच्या अंगाइतकीच काटेकोर नोंद करणारी ही यादी मला फार थोर वाटते.

या मूर्ती म्हणजे प्रवासीच. गाभाऱ्यातला देव जागचा हलत नाही. उत्सवमूर्ती बाहेर पडते, रथात बसते. म्हणून तर तिच्या बैठकीला भोकं किंवा कड्या असतात, दांडे आणि दोर ओवून घट्ट बांधायला. सोमास्कंदाच्या मूर्तीत शिव एक पाय दुमडून बसतो आणि दुसरा खाली सोडतो. शेजारी उमा तशीच, मध्ये बाळ स्कंद. काही मूर्तींत त्या सोडलेल्या पावलाखाली छोटंसं कमळ येतं. तेच पादपीठ.

पादपीठाची गरज बसण्याच्या रीतीतून आली. मांडी घालून बसणाऱ्याला ते लागत नाही, पाट पुरतो. उंच आसनावर बसून पाय खाली सोडला की मांडीच्या मागच्या बाजूला आसनाची कड रुतते, पावलाचं वजन घोट्याला ओढतं आणि पायाला मुंग्या येतात. उंच आसनाचा मान राजाचा आणि देवाचा, त्यामुळे पादपीठही त्यांचंच झालं. मांडलिकांचे मुकुट राजाच्या पादपीठाला लागल्याची वर्णनं संस्कृत कवींनी किती वेळा केली आहेत! आपल्या पंढरीच्या विठोबानं तर एका विटेवर सगळं भागवलं, पण तो उभा आहे, त्याचं दुखणं वेगळं.

पालखीत हा प्रश्नच उद्भवत नाही. पर्यंक, पल्यंक, पलंग, पालखी ही एकाच घरातली मंडळी. पालखी म्हणजे खांद्यावर उचललेला पलंग. तंजावूरच्या भोसल्यांपैकी शहाजीराजांनी (कारकीर्द १६८४ ते १७१२) तिरुवारूरच्या त्यागराजाच्या पालखीसेवेवर तेलुगूत 'पल्लकीसेवाप्रबंधम्' रचलं. मराठी राजा, तेलुगू भाषा, तमिळ देव! तो त्यागराजही सोमास्कंदच. एरवी भक्तांना त्याचा चेहराच दिसतो. पाऊल वर्षातून दोनदा, मार्गळी महिन्यातल्या तिरुवादिरैला आणि पंगुनी उत्तिरमला.

पाचरीचं कूळ शोधताना मी बरेच दिवस या पादपीठापाशीच घुटमळत होतो. ती माझी चूक होती. पादपीठ पावलाच्या खाली असतं आणि पाऊल त्यावर विसावतं. गाडीतली पाचर पावलाच्या पुढे असते आणि पाऊल तिला रेटतं. हे काम रिकिबीचं.

सांचीच्या शिल्पांत घोड्याच्या पोटपट्ट्यात पावलं खुपसलेले स्वार आहेत. जोड रिकिबी चीनमध्ये चौथ्या शतकात दिसू लागल्या आणि घोडेस्वारी पालटली. रिकिबीवर जोर देऊन स्वार उठू शकतो, वळू शकतो, धक्का अंगावर घेऊनही खोगिरावर टिकतो. शब्द अरबी, फारसीतून मराठीत आला. १६७५च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावूर घेतलं, तेव्हा त्यांच्या घोडदळाबरोबर रिकीबही इथं आलीच असणार. टांग्याचं पायदान मात्र चढण्या-उतरण्यापुरतं. त्यातला 'पाय' फारसी, आपला 'पाय' संस्कृत 'पाद'वरून, आणि मामांच्या पायाखालचं 'पेडल' लॅटिन 'पेस'वरून. मूळ धातू तिघांचा एकच.

मोटारीत चालकाला पेडलांच्या रूपानं रिकीब मिळाली, शेजाऱ्याला मिळाली नाही. बुटक्या स्पोर्ट्स गाडीत हा पंक्तिप्रपंच सर्वांत जास्त जाणवतो, कारण पाय लोंबत नाहीत, आडवे पसरतात. १९६१ साली जिनिव्हात पुढे आलेल्या जॅग्वार ई-टाइपच्या सुरुवातीच्या गाड्यांचा तळ सपाट होता. उंच माणसांच्या पायांना जागा पुरेना, म्हणून १९६२पासून तो पायांपाशी खोलगट केला. रॅलीवाल्यांनी मात्र पाय रेटण्याची गरज नीट ओळखली. त्यांच्या सहचालकापुढे रेटायला भक्कम पत्रा असतो, आणि पुष्कळदा त्यावरच पायानं दाबायचं हॉर्नचं बटण. हातात वाटेची वही, अंग पायांनी रोवलेलं.

आसारींची पाचर चौथ्या दिवशी आली. वर काथ्याची चटई ठोकलेली, खाली टाच अडेल अशी बोटभर पट्टी. टाच त्या पट्टीला लावली की चवडा आपोआप उतारावर टेके आणि घोटा काटकोनाहून थोडा मोकळा राही. तिरुवारूरच्या वाटेवर मामांनी करकचून ब्रेक लावला तेव्हा मी पहिल्यांदा आसनावर जागच्या जागी राहिलो.

पुढच्या रविवारी त्या जागेवर मामी बसल्या. त्यांचे पाय पाचरीपर्यंत पोचेनात. आसारी पुन्हा आले, वाकले, बोटं लावली. आता गाडीत दुसरी एक पाचर असते, पहिलीच्या पुढ्यात खाचेत बसणारी, पाच विरल जाड. ती काढल्याशिवाय मला आत पाय घालता येत नाहीत.