फिरत्या द्रवाच्या पृष्ठभागाचे मापन

उभ्या अक्षाभोवती एकसारख्या वेगाने फिरणाऱ्या भांड्यातील द्रव मध्यभागी खचतो व कडेला चढतो. पृष्ठभागाच्या उभ्या छेदात अन्वस्त हा वक्र दिसतो.

सूत्र : मध्यबिंदूपासूनची उंची = (कोनीय वेग × अक्षापासूनचे अंतर)² ÷ (२ × गुरुत्व त्वरण). यात घनता येत नाही; म्हणून पाणी असो वा पारा, आकार तोच. १० सेंमी त्रिज्येचे भांडे मिनिटाला ६० फेरे घेत असेल, तर कड मध्यापेक्षा सुमारे २ सेंमी उंच असते. वेग दुप्पट केल्यास हा फरक चौपट होतो.

मापनासाठी स्थिर दांडीवर सरकणारी टोकदार सुई वापरतात. सुईचे टोक व त्याचे प्रतिबिंब एकमेकांना भिडले, की मोजपट्टीवर उंची वाचतात. मात्र सगळा द्रव भांड्याच्याच वेगाने फिरू लागेपर्यंत थांबावे लागते. घाई केल्यास वक्र उथळ भरतो. भिंतीलगत पृष्ठताणामुळे द्रव किंचित वर-खाली होतो, म्हणून तेथील नोंदी वगळतात. अंतराचा वर्ग व उंची यांचा आलेख सरळ रेषेत आला, तर मापन बरोबर.

नैनितालजवळ देवस्थळ येथील ४ मीटर व्यासाच्या दुर्बिणीचा पाऱ्याचा आरसा याच तत्त्वावर चालतो. तो सुमारे ८ सेकंदांत एक फेरा घेतो. वेग जरा ढळला, तरी नाभीय अंतर बदलते आणि ताऱ्यांच्या प्रतिमा पुसट होतात.